तळातले सव्वाचार इंच: कार्गो व्हॅनच्या कामाच्या नोंदी

गाडी ईको कार्गो, पेट्रोलवरची, एमएच ०७ पासिंग, दुसऱ्या हातची. माझं काम विहिरींचे आणि बोअरचे पंप बसवायचं आणि दुरुस्त करायचं, कुडाळ-सावंतवाडीपासून पलीकडे गोव्यातल्या पेडण्यापर्यंत. अशीच गाडी आणि असाच पसारा ज्यांना सांभाळायचा आहे त्यांच्यासाठी चुका आणि खर्च जसे झाले तसे लिहून ठेवतोय.

१७ मार्च २०२४, रविवार

गाडी घेऊन आठ महिने झाले. आधीचा मालक बेकरीचा माल वाटायचा. क्रेट दारातून सरळ आत सरकावेत म्हणून त्यानं मागे सगळीकडे प्लॅटफॉर्म टाकून घेतला होता. अँगलची फ्रेम, तिच्यावर १२ मिमी प्लाय, त्यावर ३ मिमीचा चेकर्ड पत्रा. कडा इतक्या नीट बंद केल्या होत्या की मी तीच गाडीची मूळ जमीन समजत होतो.

आज मोटार बांधायला आयबोल्ट, म्हणजे कडीवाला बोल्ट, बसवावा म्हणून ड्रिल लावलं. पत्रा गेला, प्लाय गेलं आणि बिट एकदम आत घसरलं. खाली पोकळ. हात आवरला म्हणून बरं. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना, त्यामुळे तळाखालून शाफ्ट जातो, पेट्रोलची टाकी आणि नळ्या तिथेच, ब्रेकची नळीही तिथूनच. आणखी एक धक्का बसला असता तर बिट कशात गेलं असतं सांगता येत नाही.

भोकातून वायर घालून मोजलं, ११० मिमी. प्लॅटफॉर्म १५०० बाय १२०० चा. हिशोबानं जवळजवळ १९८ लिटर जागा. आणि मी आठ महिने फूटव्हॉल्व, सील, कपलिंग असे पंपाचे सुटे भाग पोत्यात भरून मोटारींच्या अंगावर टाकत होतो. एका सीलसाठी पोतं उपसायचं, ते भर पावसात, गिऱ्हाईक छत्री धरून उभं. ही जागा वापरायचीच असं ठरवलं.

२२ मार्च

हत्यार उचलण्याआधी कागद बघितले. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. माझी गाडी मालवाहू म्हणूनच नोंदलेली असल्यानं सीट काढण्याचा प्रश्न नाही. पण बॉडी कापायची नाही, गाडीला वेल्डिंग करायचं नाही आणि जे काही बसवू ते चार पान्यांनी सुटलं पाहिजे, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकलं. पाच सीटरची मागची सीट काढून कोणी हे करायला निघालं असेल तर त्यानं आधी आरटीओत जाऊन विचारावं. तिथे सीटसंख्याच बदलते.

३१ मार्च

शिमग्यात आठवडा गेला. भाचा सुटीवर आला होता, त्याला हाताशी घेतलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग सुरुवात केली.

पत्रा काढायला दोन तास धरले होते, साडेसहा लागले. फ्रेम थेट गाडीच्या तळात सेल्फ स्क्रूनं आवळलेली, एकूण १४ स्क्रू. डोकी गंजून गुळगुळीत झालेली. ग्राइंडर लावला असता तर अर्ध्या तासात सुटले असते, पण पेट्रोलच्या नळीवर ठिणग्या पाडायच्या नव्हत्या. स्क्रूंवर केरोसीन ओतून, इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडी मारत एकेक सोडवला. तीन शेवटी छिन्नीनं उडवले.

खालचं दृश्य वाईट होतं. प्लाय काळं पडून पापुद्रे सुटलेलं. बिस्किटांचा भुगा ओला होऊन तळाला खरपुडीसारखा चिकटलेला, त्यात मुंग्यांचं अख्खं वारूळ. तीन स्क्रूंच्या भोवती गंज, त्यातलं एक भोक बोट जाईल एवढं झालेलं. मग गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर नेली आणि खालून बॅटरी मारून सगळ्या स्क्रूंच्या जागा पाहिल्या. एका स्क्रूचं टोक पेट्रोलच्या नळीपासून दोन बोटांवर आलं होतं. ते पाहिल्यावर आधीच्या कारागिराचा राग आला, तो अजून गेलेला नाही. वरून भोक पाडणाऱ्यानं खाली एकदा वाकून बघायला किती वेळ लागतो?

जुना पत्रा भंगारात ४५ किलो भरला. तीस रुपये किलोनं १,३५० आले. म्हणजे इतके महिने मी एका लहान माणसाचं वजन विनाकारण फिरवत होतो.

१४ एप्रिल

गंजाचं काम एका दिवसाचं धरलं होतं, चार दिवस गेले.

पहिल्या दिवशी वायर ब्रशनं घासून पाण्यानं धुतलं, दुपारभर ऊन दिलं, हाताला कोरडं लागलं म्हणून संध्याकाळी प्रायमर मारला. तिसऱ्या दिवशी पत्र्याच्या जोडांवर फोड आले. तळाला ज्या नागमोडी घड्या असतात त्यांच्या जोडात पाणी राहिलेलं, ते प्रायमरखाली अडकलं. सगळं खरवडून पुन्हा. दुसऱ्या खेपेला जोडांमध्ये ब्लोअर फिरवला, दोन दिवस दारं उघडी टाकून गाडी उन्हात ठेवली, गंज मारायचं द्रावण लावून पुसलं, मग इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन हात रंग. कोकणात हे मार्च-एप्रिलमध्येच उरका. मिरगानंतर पत्रा खऱ्या अर्थानं कोरडा होतच नाही.

बोटाएवढ्या भोकाला वेल्डिंगची ठिगळं लावायला दोघे तयार होते. मी नको म्हटलं. भोक साध्या पत्र्यात होतं, खालच्या आडव्या पट्टीत नव्हतं, हे गॅरेजवाल्या काकांकडून खात्री करून घेतलं आणि जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा, तुकडा सीलंट लावून पॉप रिव्हेटनं बसवला. भोक पट्टीत असतं तर टाकी उतरवून वेल्डिंगच करावं लागलं असतं, असं काका म्हणाले.

२८ एप्रिल

नवी फ्रेम २५ बाय २५ च्या अँगलची, वेल्डरकडे बाहेरच करून आणली. जुन्या १४ भोकांपैकी खालून सुरक्षित असलेली ८ निवडून त्यातच ८ मिमीचे बोल्ट टाकले, मोठे वॉशर, मध्ये रबर, वर सीलंट. उरलेली सहा बंद. नवीन भोक एकही नाही.

आणि मग महिन्यातली सगळ्यात महाग चूक केली. ड्रॉवर. मागचं दार उघडलं की दोन लांब खण बाहेर यावेत असं डोक्यात बसलं होतं. २४ इंची टेलिस्कोपिक चॅनेलच्या दोन जोड्या १,२४० ला आणल्या, खण करायला मजुरी-प्लाय मिळून १,५०० गेले. घरासमोर ते सुंदर चालले. कामावर तीन दिवसांत कळलं की आमच्याकडे घरापर्यंतची वाट म्हणजे दोन्ही बाजूला चिऱ्यांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आणि मधून जेमतेम गाडी. उलटी घेऊन विहिरीजवळ लावली की मागे वीतभर जागा उरते. दारच अर्धं उघडतं, खण कुठला निघायला! त्यात चॅनेलमध्ये बोअरची बारीक रेती गेली, गोळ्या अडकल्या. चौथ्या दिवशी फूटव्हॉल्वनी भरलेला खण तिरका ओढला गेला आणि एक चॅनेल वाकलं.

खण काढून टाकले. २,७४० रुपये आणि दोन रविवार.

खरं तर गाडीनं उत्तर आधीच दिलेलं होतं. तिला दोन्ही बाजूंना सरकती दारं आहेत. गडग्याला लावली तरी एका बाजूचं दार उघडतंच.

१२ मे

आता रचना अशी. दोन्ही सरकत्या दारांशी दोन-दोन ट्रे, वर उचलायची झाकणं. मधोमध मागच्या दारापर्यंत एक लांब ट्रे, त्यात पाइप पाने, सळ्या, हॅक्सॉ, म्हणजे रोज न लागणारी लांब हत्यारं. ट्रे ०.८ मिमी जीआय पत्र्याचे, डक्टिंगवाल्याकडून दुमडून घेतले. बाजूचे ५२० बाय ४२०, मधला १४०० बाय २५०, आतली उंची ९५ मिमी. सगळे मिळून ११६ लिटर. १९८ मधले ८२ लिटर कुठे गेले? फ्रेममध्ये, मागच्या चाकांच्या फुगवट्यांजवळ आणि ट्रेखाली मुद्दाम सोडलेल्या १० मिमीमध्ये. कागदावरच्या जागेच्या साठ टक्के हाती लागली तर समाधान मानावं.

मधला ट्रे चॅनेलशिवाय सरकवायचा होता. आमच्या धंद्यातली वस्तू उपयोगी पडली. ६३ मिमीच्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपचे उरलेले तुकडे उभे चिरले, ब्लोअरनं गरम करून दोन फळ्यांमध्ये दाबून सपाट केले आणि त्या पट्ट्या फ्रेमवर मारल्या. ट्रे त्यावरून साबणासारखा सरकतो. रेती पडली तर फडक्यानं पुसली की झालं. खर्च शून्य, आणि या सगळ्या कामातली मला मनापासून आवडलेली एकच गोष्ट हीच आहे.

झाकणांना १२ मिमी मरीन प्लाय, शिक्का आयएस ७१० चा बघून घेतलं. साधं आयएस ३०३ चं प्लाय हजारभर रुपयांनी स्वस्त पडत होतं, पण जुन्या प्लायचे पापुद्रे डोळ्यांसमोर होते. पहिल्या झाकणावर उभा राहिलो तर मध्यभागी दबलं. प्रत्येकाच्या पोटाला एक आडवा अँगल मारला.

१९ मे

पुढच्या डाव्या ट्रेत पाइप जोडायच्या सोल्यूशनचे डबे ठेवले होते. दुपारी पेडण्याहून येताना गाडीत वास कोंडला, डोकं दुखायला लागलं. झाकण उघडलं तर एका डब्याचं टोपण फुगून बाजूनं पाझरत होतं. मे महिन्याचं ऊन, बाजूला पुढच्या सीटखालचं इंजिन आणि वरून मीच बंद केलेली हवा. हे द्रावण पेटतं. त्या अंगाला विडी ओढणारा कोणी बसला असता तर काय झालं असतं, या विचारानं रात्री झोप नीट लागली नाही.

सोल्यूशन, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही तळातल्या बंद जागेत ठेवायचं नाही. आता लागेल तेवढा एकच लहान डबा मागच्या दाराशी उघड्या जाळीच्या क्रेटमध्ये असतो, संध्याकाळी घरी उतरवतो. पुढच्या ट्रेत लोखंड-पितळेच्याच वस्तू. रबरी सीलही तिथे नकोत, उष्णतेनं कडक होतात. ते मागच्या ट्रेत गेले.

९ जून

पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी चारही झाकणं फ्रेममध्ये घट्ट बसली. एक उचलताना कडीच हातात आली.

मे महिन्यात सावंतवाडीला चितारआळीजवळ एका वयस्कर मेस्तांना झाकणं दाखवली होती. लाकडाच्या कामात सगळं आयुष्य गेलेला माणूस. ते म्हणाले होते, "पावसात फुगतला ता. दोन सूत जागा सोड." मी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सोडलं होतं. मरीन प्लाय फुगत नाही असं मला वाटलं. प्लाय फारसं फुगलं नसेलही, पण कापलेल्या कडा मी उघड्या ठेवल्या होत्या, त्यांनी पाणी ओढलं आणि वर रंगाचा थरही चढला होता. झाकणं काढून कडा रंध्यानं उतरवल्या, दोन सूत जागा केली, कडांना इपॉक्सीचे तीन हात दिले आणि फटीत रबर बीडिंग टाकलं. मेस्तांना जाऊन सांगितलं. ते हसले आणि चहा पाजला.

कड्याही बदलल्या. आधी कपाटाच्या उठावाच्या मुठी लावल्या होत्या, त्यांत मोटारीची दोरी अडकायची. आता झाकणात बुडणाऱ्या स्टीलच्या कड्या आणि पूर्ण लांबीच्या पियानो बिजागऱ्या.

२३ जून

ट्रेमध्ये पाणी. खालून आलं असेल या भीतीनं सगळं उपसलं. तळ ठणठणीत होता. पाणी वरून येत होतं: ओले दोर, ओले पाइप, ओले आम्ही. बीडिंग असूनही दिवसाला वाटीभर पाणी आत उतरतं, हे मान्य केलं आणि ते बाहेर कसं जाईल याचा विचार सुरू केला.

प्रत्येक ट्रेच्या मागच्या कोपऱ्यात ६ मिमीची दोन भोकं. ट्रे रबराच्या तुकड्यांवर उभे असल्यानं पाणी खाली गाडीच्या तळावर येतं. तिथे कंपनीच्याच भोकांना रबरी बूच असतात, त्यातलं सगळ्यात खालच्या पातळीवरचं एक काढलं आणि त्या जागी उलटी वाकवलेली रबरी नळी बसवली, म्हणजे रस्त्याचं पाणी वर उडणार नाही. ते दहा मिमी सोडताना जीव तुटला होता. आता वाटतं, सगळ्या कामात तेच दहा मिमी सगळ्यात जास्त उपयोगाचे ठरले.

१४ जुलै

याची मला आधी कल्पना यायला हवी होती.

काम आटोपून गोव्यातून परत येताना सीमेवरच्या नाक्यावर गाडी तपासणीला थांबवली. गोव्याची स्वस्त दारू इकडे येऊ नये म्हणून तिथे तपासणी असतेच आणि चोरकप्प्यांच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या आम्ही दर महिन्याला वाचतो. अधिकाऱ्यांनी तळावर काठी आपटली. पोकळ आवाज आला. "खाली काय आहे?"

चार झाकणं उघडून दाखवली. मधला ट्रे ओढून दाखवला. पण चाकांच्या फुगवट्यांमागचे दोन कोपरे मी नुसते प्लाय ठोकून बंद केले होते, कारण तिथे ट्रे बसत नव्हता. तेही उघडा म्हणाले. स्क्रूंची डोकी रबर मॅटखाली, त्यावर दोन मोटारी. मोटारी उतरवल्या, मॅट गुंडाळली, पावसात उभं राहून बारा स्क्रू सोडले. चाळीस मिनिटं गेली. आत काहीच नव्हतं. ते नीट बोलले, त्यांचं काम त्यांनी केलं. पण सोबत भाचा होता, आणि येणारेजाणारे गाड्या हळू करून आमच्याकडे बघत होते. मला फार लागलं ते. बावीस वर्षं या पट्ट्यात लोकांच्या विहिरीत उतरतोय, घरं माझ्या भरवशावर उघडी टाकून माणसं शेतावर जातात.

दुसऱ्याच दिवशी त्या दोन्ही कोपऱ्यांचं प्लाय काढलं. तिथे आता जाळी आहे, आरपार दिसतं. झाकणं पिवळी रंगवली आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत आतला माल लिहिला: सील-ग्लँड, फूटव्हॉल्व, कपलिंग, वायर-कॅपॅसिटर. कुलूप एकाच ट्रेला ठेवलं, त्यात तांब्याची वायर असते. बाकीचे उघडे. त्यानंतर तीनदा तपासणी झाली. दार सरकवलं, झाकणं दाखवली, दोन मिनिटांत पुढे. लिहिलेल्या नावांचा आणखी एक फायदा म्हणजे भाच्याला आता काहीही विचारावं लागत नाही.

४ ऑगस्ट

दाराच्या कडेला ॲल्युमिनियमचा अँगल लावला होता, प्लायची धार झिजू नये म्हणून. साध्या लोखंडी स्क्रूंनी. दीड महिन्यात प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी आणि बोटानं हलेल इतकी ढिलाई. खारी हवा, ओल आणि दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले. अँगल काढला, फ्रेमला जिथे टेकत होता तिथे रबराची पट्टी घातली आणि स्टेनलेस ३०४ चे स्क्रू वापरले. सगळीकडे पहिल्यापासून तेच घ्यायला हवे होते. डबीमागे फार तर दोनशे रुपये जास्त लागले असते.

१ सप्टेंबर

चतुर्थीच्या आधी सगळं एकदा उपसून पाहिलं. तळाचा रंग शाबूत. एका बोल्टच्या वॉशरखाली गंजाची रेष दिसली, ती घासून सीलंट भरलं. खडखडाट होतोच, विशेषतः आंबोली घाट चढताना. ट्रेच्या तळाला जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या टाकल्यावर निम्मा झाला.

झाकणांवर सामान ठेवायचं नाही, ही सवय लागायला सर्वात जास्त वेळ लागला. तळाला पेटी केली आणि तिच्यावर मोटार ठेवली की पेटी गेलीच. आता मोटारी मधल्या भागावर पट्ट्यानं बांधलेल्या आणि दोन्ही दारांशी हातभर जागा मोकळी. वरची तेवढी जागा कमी झाली हे खरं, पण पूर्वी तिथे पोतीच असायची.

खर्चाचा हिशोब: मरीन प्लाय ३,४००. अँगल आणि वेल्डिंग २,९५०. जीआय ट्रे ४,२००. प्रायमर, द्रावण, रंग १,६५०. बिजागऱ्या, कड्या, बीडिंग, मॅट, स्क्रू ३,९००. ॲल्युमिनियम अँगल ४५०. फुकट गेलेले ड्रॉवर २,७४०. एकूण १९,२९०, भंगाराचे १,३५० वजा करून १७,९४०. स्वतःचे आणि भाच्याचे रविवार यात धरलेले नाहीत. मोजले तर तेरा भरले.

काल रात्री झारापच्या पुढे एका घरी मोटार पाणी ओढत नव्हती. गडग्याला गाडी खेटवून लावली, उजवं दार सरकवलं, बॅटरी तोंडात धरली आणि सील काढलं. सकाळी त्यांच्याकडे गणपतीच्या रंगकामाला माणसं येणार होती, साडेनऊला पाणी टाकीत पडलं.

मागचा उजवा कोपरा अजून ओलसर राहतो. दाराचं रबर बदलून पाहिलं, फरक नाही. दसऱ्यानंतर आतून पाणी मारून शोधणार आहे, सापडलं की लिहितो.